भट्टी कोणाची, विष कोणाचे?

२००४ सालच्या डिसेंबर महिन्यात विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसांचा बळी घेतला. मृतांपैकी बहुतेक हातावर पोट असलेले कष्टकरी होते. अशा प्रत्येक प्रसंगानंतर सरकारी यंत्रणेचा क्रम ठरलेला असतो. काही अधिकारी निलंबित होतात, चौकशी जाहीर होते, खाडीकाठच्या तिवरांत शिरून पोलीस पिंपे फोडतात आणि रसायन मातीत ओतल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. 'हातभट्टीचा नायनाट करू' अशी घोषणा विधिमंडळात होते. त्यानंतर अकरा वर्षांच्या आतच, २०१५ च्या जूनमध्ये, मालाडच्या मालवणीत तोच प्रकार घडला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ साल उजाडले. चौदा आरोपींपैकी चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले.

दोन्ही वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती 'हातभट्टी'. हा आरोप वस्तुतः खरा आहे काय, हे तपासण्याची तसदी राज्यकर्त्यांनी घेतली नाही आणि विरोधकांनीही घेतली नाही. दारूबंदीच्या चळवळीत उमेदीची वर्षे वेचलेले कार्यकर्तेदेखील 'हातभट्टी' आणि 'विषारी दारू' हे शब्द एकाच अर्थाने वापरू लागले. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर तो सोडून देता आला असता. पण या घोळामागे सव्वाशे वर्षांहून जुनी एक मक्तेदारी सुखाने नांदते आहे, आणि तिची किंमत गरिबांना प्राणांनी मोजावी लागते आहे.

गाळणे आणि मिसळणे

प्रथम रसायनशास्त्राची साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गूळ, मळी, मोहफुले किंवा धान्य आंबवले की किण्वाच्या क्रियेने साखरेचा इथेनॉल, म्हणजे पिण्याचा मद्यार्क, होतो. हे आंबवण तापवले की सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा मद्यार्क पाण्याच्या आधी वाफ होऊन वर येतो. ती वाफ थंड केली की धार लागते. भट्टी म्हणतात ती एवढीच. माणसे मारणारा पदार्थ निराळा आहे. तो मिथेनॉल. गुळाच्या आंबवणात तो जवळजवळ तयारच होत नाही. फळांच्या साली-गरातील पेक्टिनमुळे फळांच्या आंबवणात तो अल्प प्रमाणात सापडतो. शेकडो माणसे एका रात्रीत आंधळी व्हावीत आणि मरावीत इतका मिथेनॉल कोणत्याही अडाण्याच्या भट्टीतून निघणे अशक्यप्राय आहे.

मग तो येतो कोठून? तो कारखान्यांतून येतो. रंग, रेझिन, औषधे आणि इतर असंख्य रासायनिक उत्पादनांसाठी लागणारा मिथेनॉल टँकरांनी आणि पिंपांनी देशभर फिरत असतो. पिण्याच्या मद्यार्कावर भरमसाट अबकारी कर आहे, मिथेनॉलवर तो नाही. किमतीतील हा फरक हाच गुन्हेगाराचा नफा. दिसायला दोन्ही द्रव सारखे, चवीत फारसा फरक नाही. पोटात गेल्यावर यकृत मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. ते रक्त आम्लधर्मी करते आणि डोळ्यांची मज्जातंतू जाळते. परिणाम दिसायला कित्येक तास लागतात, म्हणून पिणारा दुसरा पेलाही घेतो आणि शेजाऱ्यालाही बोलावतो.

मालवणीच्या तपासात मिथेनॉलचा माग गुजरातपर्यंत गेला. २०२२ च्या जुलैत गुजरातमधील बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे मेली. तेथे अहमदाबादच्या एका रासायनिक कंपनीतून सुमारे ६०० लिटर मिथेनॉल चोरून बाहेर काढल्याचे आणि त्यात निव्वळ पाणी मिसळून ते दारू म्हणून विकल्याचे निष्पन्न झाले. भट्टी नव्हती, रसायन नव्हते, धार नव्हती. गाळण्याचा कोणताही व्यवहार तेथे झाला नव्हता. झाले होते ते मिसळणे. आणि हे घडले ते राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी असलेल्या, २००९ च्या अहमदाबादेतील कांडानंतर विषारी दारू बनवणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षेची तरतूद केलेल्या राज्यात.

याचा अर्थ हातभट्टी निर्दोष आहे असा नव्हे. चोरून चालणाऱ्या भट्टीत रसायनांची जुनी पिंपे वापरली जातात, शिशाची डाखणी केलेल्या नळ्या असतात, गाळणाऱ्याला तापमान ठाऊक नसते. दारू 'कडक' व्हावी म्हणून तिच्यात काय काय टाकले जाते याला मर्यादा नसते. 'पहिल्या धारेची' म्हणून मिरवली जाणारी दारू तर शहाणा गाळणारा पिण्यासाठी ठेवतच नाही. पहिल्या धारेत ॲसिटाल्डिहाइडसारखी उडून जाणारी त्रासदायक द्रव्ये अधिक असतात, म्हणून ती बाजूला काढायची असते. पण येथे एका लोकप्रिय गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. पहिली धार फेकली की मिथेनॉल निघून जातो, ही समजूत चुकीची आहे. तो ६५ अंशांच्या आसपास उकळत असला तरी साध्या भांड्याच्या भट्टीत तो सगळ्या धारेत थोडाथोडा उतरत राहतो. म्हणजे ज्याने मिथेनॉल मिसळला त्याचे पाप कुशल गाळणाराही धुऊन काढू शकत नाही. विक्रोळीच्या मृतांना भट्टीवाल्याच्या अज्ञानाने मारले नाही. गरिबाची दारू गाळणाऱ्याच्या हातून काढून मिसळणाऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना मारले. ती व्यवस्था कशी उभी राहिली हे पाहिल्यावाचून उपाय सापडणार नाही.

मक्त्याचा इतिहास

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा येईपर्यंत दारू गाळणे हा गावोगावचा, हंगामी, घरगुती व्यवहार होता. किनाऱ्यावर भंडारी माडाची ताडी काढीत आणि तिचा अर्क गाळीत. डोंगरपट्ट्यात आदिवासी मोहफुले वेचीत आणि सणासुदीला, लग्नकार्याला मातीच्या मडक्यांत दारू गाळीत. १८७८ च्या कायद्याने आणि अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड याने राबवलेल्या धोरणाने हा व्यवहार मोडून काढला. गाळणे मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणि ठेकेदारांच्या हाती एकवटले, ताडीच्या झाडांवर जबर कर बसला. उरणच्या भट्ट्यांत गुजरातहून आलेल्या मोहफुलांची दारू गाळली जाई आणि ती मुंबईच्या गिरणगावाला पाजली जाई. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासी मात्र दारातल्या मोहाचे फूल घरात ठेवू शकत नव्हता. त्यासाठी १८९२ साली मोहफुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. इंग्रजांना दारूचा तिटकारा होता म्हणून हे झाले नाही. जी दारू मोजता येत नाही तिच्यावर कर बसवता येत नाही, म्हणून झाले.

तेव्हापासून दोन गोष्टी घट्ट झाल्या. गाळण्याचा हक्क भांडवलवाल्याचा, आणि गाळण्याचा गुन्हा गरिबाचा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यातील कंजारभाटांसारख्या समाजांना गाळण्याच्या परंपरागत धंद्याने तुरुंगापर्यंत पोचवले. १९५२ साली शिक्का कागदावरून पुसला गेला, पोलीस ठाण्याच्या वहीतून गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागची नैतिक तळमळ प्रामाणिक होती, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या काळातही ज्याच्याजवळ डॉक्टरचे प्रमाणपत्र होते त्याला 'प्रकृतीसाठी' परमिट मिळे, आणि ज्याच्याजवळ ते नव्हते तो खाडीकाठच्या अड्ड्याकडे वळे. मुंबईत दारूच्या तस्करीची साम्राज्ये याच काळात उभी राहिली. साठीच्या दशकात बंदी सैल झाली आणि १९७३ च्या नियमांनी 'देशी दारू' परवान्याने विकली जाऊ लागली. पण या देशी दारूत देशी असे काय उरले होते? साखर कारखान्यांच्या मळीपासून मोठ्या स्तंभांत काढलेला मद्यार्क, त्यात पाणी आणि स्वाद. गावाची ना मोहफुले त्यात, ना काजूबोंडे, ना गावकऱ्याचे हात.

कायदा मात्र जागेवरच राहिला. कलम ६५ खाली भट्टी, तिचे भांडे, आंबवणाचे साहित्य नुसते बाळगणे हाही गुन्हा. परवान्याचे नियम कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेले: शुल्क, बंधपत्र, बांधकाम, अबकारी कर्मचाऱ्यांची नेमणूक. दोनशे लिटरच्या भांड्याचा गाळणारा त्या नियमांच्या उंबरठ्यावरसुद्धा उभा राहू शकत नाही. त्याला दोनच वाटा मोकळ्या: धंदा सोडणे किंवा तिवरांत शिरणे. आणि तिवरांत शिरलेल्या गाळणाऱ्याला पुढे मिसळणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते. गूळ, नवसागर, सरपण आणि चार दिवसांचे आंबवण यांच्यापेक्षा टँकरमधला चोरीचा द्रव केव्हाही स्वस्त पडतो. छाप्याची भीतीही कमी, कारण मिसळायला ना धूर लागतो ना वास सुटतो. प्रत्येक छापा गाळणाऱ्याला बाजारातून हुसकावतो आणि मिसळणाऱ्याला जागा करून देतो.

दारूचे नवे सरंजामदार

दारूविषयी राज्यकर्त्यांना सोवळे आहे, असे समजण्याचे कारण नाही. अबकारी खात्यातून महाराष्ट्राच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल येतो. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचे धोरण जाहीर झाले, आणि लाभार्थ्यांच्या यादीत सर्वपक्षीय पुढाऱ्यांचे नातलग निघाले तेव्हा राज्यात संताप उसळला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला भाव मिळावा म्हणून हे धोरण आहे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. त्या शेतकऱ्याच्या हाती मात्र भट्टी द्यावी, असे कोणालाही सुचले नाही.

२०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले आणि काजूबोंडे यांच्यापासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शहापूर-जव्हारच्या रानातले फूल कागदोपत्री विदेशी झाले! हेतू चांगला असेलही. पण विदेशी मद्याच्या परवान्याची पायरी चढणार कोण? जव्हारची आदिवासी बाई की मुंबईचा भांडवलदार? डहाणूच्या एका जुन्या खासगी डिस्टिलरीने मोहाचे मद्य उंची बाटलीत भरून शहरी श्रीमंतांपुढे ठेवले आहे, आणि त्याची चर्चा इंग्रजी पुरवण्यांतून होते. त्याच जिल्ह्यातल्या पाड्यावर तेच फूल मडक्यात शिजले तर दारात पोलीस येतात. २०२५ च्या जूनमध्ये अबकारी कर वाढला, 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग निर्माण झाला आणि देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. महाराष्ट्रातील उत्पादक म्हणून ज्यांचे हित पाहिले गेले ते पुन्हा कारखानदारच. आणि कायदेशीर बाटली जितकी महाग, तितका मिसळणाऱ्याचा पेला खपाऊ, हे साधे गणित विसरले गेले.

सध्या शहरांत लहान प्रमाणावर, हाताने मद्य गाळण्याची नवी आवड वाढते आहे. परदेशी बनावटीच्या तांब्याच्या चकचकीत भट्ट्या येतात, महागडी प्रशिक्षणे निघतात. ही हौस म्हणून तिची टिंगल करणे सोपे आहे. परंतु तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते ती महत्त्वाची: लहान भट्टी ही घाण, धोकादायक आणि गुन्हेगारीच असते, हा दीडशे वर्षांचा सरकारी सिद्धांत खोटा आहे. जे ज्ञान आणि जी साधने पैसेवाल्याला मिळताच 'कला' ठरतात, तीच गरिबाच्या हाती 'गुन्हा' का, हा खरा प्रश्न आहे.

साधन आणि शिक्षण

लहान गाळणाऱ्याला लागते तरी काय? तांब्याचे किंवा चांगल्या पोलादाचे भांडे. तांबे गंधकाची दुर्गंधी द्रव्ये शोषून घेते, म्हणून जुन्या कारागिरांनी ते निवडले. शिशाविना जोडलेली नळी, वाहत्या पाण्याचा थंडावा, एक तापमापक, मद्यार्काचे प्रमाण मोजणारी काचेची तरंगनळी. आंबवण किती झाले, विस्तव केव्हा मंद करायचा, पहिली धार कोठे तोडायची, मधली कोठवर घ्यायची, शेवटची आंबूस धार केव्हा थांबवायची, वाफ पेट घेऊ नये म्हणून जागा कशी मोकळी ठेवायची, मागे उरलेले मळीपाणी ओढ्यात न सोडता त्याचे काय करायचे आणि प्रत्येक खेपेचा नमुना तपासणीसाठी कसा ठेवायचा: काही आठवडे प्रत्यक्ष भट्टीपुढे उभे राहून शिकता येईल एवढे हे ज्ञान आहे. पुस्तकाने ते येत नाही, हाताने येते.

गोव्यात ते हातानेच टिकून राहिले. काजूच्या हंगामात बोंडे चिरडून निघालेला रस मातीच्या मोठ्या कोडेमात आंबतो, भाणात तापतो, वाफ नळ्यातून लावणीत उतरते आणि तिच्यावर पाणी ओतून ती थंड केली जाते. पहिला उतार हुर्राक, पुन्हा गाळल्यावर फेणी. अनुभवी माणूस धारेच्या फेसावरून तिचा जोर ओळखतो. अबकारी खाते या भट्ट्यांवर लक्ष ठेवते, कर घेते. पण भट्टीला लपावे लागत नाही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. सीमेच्या अलीकडे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या बागांत, काजूची बी विकल्यावर उरणारी बोंडे एक तर कुजतात किंवा गोव्याच्या भट्टीवाल्याला मातीमोलाने जातात. जमीन तीच, झाड तेच, रसही तोच. मध्ये आडवा येतो तो महाराष्ट्राचा कायदा.

महाराष्ट्रात शिकवणारे नाहीत असेही नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली स्थापन झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मद्यार्काचे तंत्र शिकवले जाते, ते मुख्यतः साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांसाठी. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूसाठी 'वारसा मद्य' धोरण आखले, अलिराजपूर आणि डिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासी बचत गटांच्या हाती भट्ट्या दिल्या, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी मदत घेतली ती याच मांजरीच्या संस्थेची. महाराष्ट्राचे ज्ञान सीमा ओलांडून अलिराजपूरला पोचले. शेजारच्या नंदुरबारला पोचले नाही.

साधनांचीही तीच कथा. विक्रोळी ही यंत्रकामाची नगरी आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या येथील गोदरेजच्या कारखान्यात बनल्या, आणि पुढे तेलशुद्धीकरण व रसायन उद्योगांसाठी उंच स्तंभ आणि जाडजूड पात्रे येथल्याच कामगारांनी जोडली. ऊर्ध्वपातनाच्या महाकाय यंत्राची जोडणी ज्या वस्तीला येते, तिला दोनशे लिटरचे सुरक्षित भांडे बनवणे अवघड नाही. त्या भांड्याला कायदेशीर गिऱ्हाईक नाही, एवढेच. विष विक्रोळीत विकले गेले; विषाला पर्याय ठरू शकणारे कौशल्य त्याच विक्रोळीत बिनकामाचे पडून होते.

आक्षेपांना उत्तर

समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात येथे एक आक्षेप उभा राहील आणि तो राहिलाच पाहिजे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठवला होता. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या चळवळीत दारू सोडून ठेकेदारांचे कंबरडे मोडले. गडचिरोलीत १९९३ साली जनआंदोलनाने दारूबंदी आणली, आणि गावोगावच्या बायांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली. दारूचा मार कुटुंबात सर्वांत आधी बाईच्या पाठीवर पडतो. मग दारू गाळणे शिकवणारे समाजवादी कसे?

या आक्षेपाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. दारू हे कष्टकऱ्याच्या मुक्तीचे साधन नाही, आणि तिचा खप वाढावा असे या मांडणीत काहीही नाही. पण वर सांगितलेल्या प्रत्येक लढ्याकडे नीट पाहावे. लढा कोणाविरुद्ध होता? बाहेरून दारू आणून गावात ओतणाऱ्या ठेक्याविरुद्ध. जेथे निर्णय गावातल्या बायांच्या हाती आला तेथे दारू आटोक्यात आली. जेथे तो अबकारी खात्याच्या हाती राहिला तेथे दुकान आले आणि दुकान उठले तर अड्डा आला. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये वरून आली आणि २०२१ मध्ये वरूनच गेली. बंदी किंवा परवाना यांपेक्षा सत्ता कोणाची, हा प्रश्न मोठा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा आणि त्यांचे नियमन करण्याचाही अधिकार दिला आहे, शिवाय गौण वनोपजाची मालकीही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांवरील हक्क पक्का केला. भट्टी लावायची की नाही, किती, कोणत्या हंगामात, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने ज्यांना दिला आहे, त्यांनाच तो वापरू द्यावा. ग्रामसभेने नाही म्हटले तर भट्टी नाही. आणि त्याच न्यायाने, बाहेरचा ठेकाही नाही.

दुसरा आक्षेप असा की, लहान गाळणाऱ्याला परवाना दिला म्हणून मिथेनॉलची चोरी थांबणार आहे काय? नाही थांबणार. चेक प्रजासत्ताकात फळबागवाल्यांना आपली फळे स्थानिक भट्टीत कायदेशीर गाळून घेण्याची जुनी सोय आहे, तरी २०१२ साली तेथे मिथेनॉलच्या भेसळीने तीन डझनांहून अधिक माणसे मेली. फरक पुढे पडला. सरकारने वीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयांची विक्री देशभर सुमारे दोन आठवडे थांबवली, विषाचा माग मूळ पुरवठादारांपर्यंत काढला, आणि दोघांना २०१४ मध्ये जन्मठेप झाली. तेथे कोणी बागवाल्यांच्या भट्ट्या फोडत फिरले नाही. गाळणारा उघड्यावर असला की मिसळणारा एकटा पडतो आणि सापडतो. आपल्याकडे दोघेही एकाच अंधारात उभे केले जातात, म्हणून हाती लागतो तो नेहमी गाळणारा.

महाराष्ट्र शासनाला आता कायद्याची सबबही उरलेली नाही. औद्योगिक मद्यार्कावर राज्याचा अधिकार चालत नाही, अशी ढाल १९८९ च्या निकालापासून पुढे केली जात असे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल फिरवला आणि औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. खास मिथेनॉलसाठी तर १९१९ चा विष कायदा शंभर वर्षांपासून हाताशी आहे. टँकर कारखान्याच्या दारातून निघाल्यापासून रिकामा होईपर्यंत त्याचा थेंब न् थेंब हिशेबात ठेवणे अशक्य नाही. इथेनॉलचा थेंब करासाठी मोजणाऱ्या सरकारला मिथेनॉलचा थेंब माणसांसाठी मोजता येत नसेल, तर तो क्षमतेचा प्रश्न नाही.

काय मागायचे

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, मिथेनॉलचे उत्पादन, वाहतूक आणि वापर यांचा उघड हिशेब, आणि चोरी झाल्यास ज्या कारखान्यातून ती झाली त्याच्या मालकावर फौजदारी जबाबदारी. दोन, ठरावीक मर्यादेपर्यंत मोहफुले, काजूबोंडे आणि स्थानिक फळे गाळणाऱ्या सहकारी संस्थांना व बचत गटांना अल्प शुल्काचा, हंगामी परवाना. जर्मनीत लहान बागवाल्या भट्टीला वर्षाला ३०० लिटर शुद्ध मद्यार्काची मर्यादा आहे आणि तिच्यावर सोप्या पद्धतीने कर बसतो. मर्यादा आणि नियमन एकत्र नांदू शकतात याचा तो दाखला आहे. तीन, परवान्याला ग्रामसभेची आणि शहरात वॉर्डातील महिलांच्या मताची अट. चार, मांजरीची संस्था आणि सरकारी औद्योगिक प्रशिक्षण केंद्रे यांच्यामार्फत मोफत प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरक्षित भांड्याचा प्रमाणित नमुना आणि तालुक्यागणिक नमुने तपासणारी प्रयोगशाळा. पाच, भेसळ नसलेल्या घरगुती गाळपाबद्दल आदिवासी आणि विमुक्त जमातींवर भरलेले खटले मागे घेणे.

आणि एक इशाराही. मेक्सिकोत १९९४ साली मेझकालच्या नावाला संरक्षण मिळाले. नाव जगभर गाजले, पण प्रमाणपत्राचा खर्च न झेपणाऱ्या अनेक खेडुत गाळणाऱ्यांना आपल्याच बापजाद्यांच्या मद्याला ते नाव लावता येईना. मोहाचे तेच होऊ शकते. म्हणून नावाची मालकी पहिल्या दिवसापासून फुले वेचणाऱ्यांच्या संघांकडे असली पाहिजे, बाटली भरणाऱ्याकडे नव्हे.

हा प्रश्न पक्षाच्या शाखांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला पाहिजे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत तो मांडावा. सिंधुदुर्गच्या कार्यकर्त्यांनी काजू उत्पादकांच्या सहकारी संस्थांपुढे. आणि मुंबईच्या उपनगरांतील कार्यकर्त्यांनी वस्त्यांतल्या महिला मंडळांपुढे, जेथे पुढचे मरण केव्हाही येऊ शकते. महिला मंडळे 'नाही' म्हणाली तर तो निर्णय शिरोधार्य मानावा. परंतु तो निर्णय त्यांचा असावा. ठेकेदाराचा, अबकारी निरीक्षकाचा किंवा टँकरच्या चोराचा नसावा. विक्रोळीच्या ८७ मृतांच्या घरांना दारूविषयीचे उपदेश पुष्कळ मिळाले. ते विष कोणत्या दारातून बाहेर पडले आणि ते दार अजून का उघडे आहे, हे विचारण्याचे काम अजून शिल्लक आहे.